भेटायच्या वेळेत

भाईंदर पश्चिमेच्या आमच्या आत्याने हॉस्पिटलात नाकातली नळी पुन्हा उपसून काढली, तेव्हा तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, सिस्टरला म्हणाला की आता सरळ हात बांधून टाका. लकव्याचा झटका आल्यापासून आत्याला गिळता येत नव्हतं, जेवण त्या नळीतूनच जायचं. बोलताना शब्द अडकायचे, पण समजत सगळं होतं. सिस्टरने हात बांधायला नकार दिला. डॉक्टर म्हणाले, आधी सगळे बसून बोलू.

दादाने मला सिल्व्हर पार्कच्या घरून बोलावून घेतलं. मी इंग्लिश मीडियमची, म्हणजे मीटिंगला हवीच. मीटिंग पूर्ण हिंदीत झाली. डॉक्टर, सिस्टर, एक समुपदेशक बाई, आम्ही दोघं आणि बिस्किटांची बशी. मी बशीजवळची खुर्ची पकडली. तोंडात बिस्किट असलं की कोणी काही विचारत नाही.

दादाचं म्हणणं, नळी नसेल तर आई उपाशी मरेल. डॉक्टरांचं म्हणणं, नाही म्हणायचा तिला हक्क आहे, पण तिला नक्की काय नकोय? दादा म्हणाला, तिला जन्मापासून सगळंच नको असतं.

बिस्किट संपलं होतं. मी हळूच म्हटलं, "ती नळी फक्त भेटायच्या वेळेत काढते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, जे मला अजिबात आवडत नाही. पण खरं होतं ते. संध्याकाळी अख्खी आळी आत्याला बघायला यायची. बाजारात तिच्या शेजारी मासळी विकणाऱ्या बायका पलंगाभोवती उभ्या राहून चुकचुकायच्या. आमच्यात आजाऱ्याला बघायला आलेल्याला परत पाठवलं तर वर्षभर ऐकावं लागतं, म्हणून दादा कोणालाच अडवत नव्हता.

सिस्टर तशीच उठून आत्याकडे गेली, आम्ही मागोमाग. नळी राहू दे, लोकांचं येणं बंद करू, चालेल का, असं तिने विचारलं. आत्याने एकेक शब्द ओढून काढला.

"यांना... आनतं... कोन?"

मग होकाराची मान हलवली. डॉक्टरांनी ठरवून टाकलं: हात बांधायचे नाहीत, आणि नळी तिला चालेल तोवरच, मधूनमधून पुन्हा विचारायचं.

दुसऱ्या संध्याकाळी दादा वॉर्डच्या दारात उभा राहिला. आळीतली एक काकी त्याला म्हणाली, "बघू पन न्हाय देत? वॉचमन हायस काय रं?" दादा दारातून हलला नाही.

मी आत पलंगाशी होते. तो आवाज ऐकून आत्याचा हात नाकाकडे गेला. नथ सावरावी तशी तिने नळी जराशी सरळ केली आणि हात पुन्हा चादरीवर ठेवला.