चौथा भोंगा

समुद्राएवढ्या तळ्याकाठच्या डुलुथ बंदरात वाढलेली आयली राउतिओ दिवसा शाळेची बस चालवायची आणि संध्याकाळी गावच्या वाद्यवृंदात काँट्राबसून वाजवायची. हे फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य, नळी उलगडली तर माणसाच्या तिप्पट लांब, आवाज जमिनीखालून आल्यासारखा.

ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील लोहखनिजाच्या जहाजासकट त्या तळ्यात बुडाले. त्या दिवशी दाट धुकं होतं, किनाऱ्यावरचा भोंगा सारखा वाजत होता. आई म्हणत राहिली, "कान दे गं, बाबांचं जहाज उत्तर देईल." उत्तर आलं नाही.

आता आयली साठीला आली होती. मिनियापोलिसच्या रूबेन कॅसलॉ नावाच्या संगीतकारानं त्याच तळ्याविषयी नवी रचना केली होती. मधोमध सगळी वाद्यं थांबायची आणि एकट्या काँट्राबसूननं भोंग्यासारखा तीनदा सूर लावायचा. प्रत्येक सुरानंतर लांबलचक शांतता.

"इतकी वर्षं मागे बसून घुमलीस, आता एकटीच!" वाद्यवृंदात तिच्या शेजारी बसणारा एमिल म्हणाला. "केस तरी विंचरून ये."

सरावाला कॅसलॉ सांगत होते, "शांतता आणखी लांबवा. कुणीतरी उत्तर देईल असं वाटलं पाहिजे."

"आणि दिलं तर?" आयलीनं विचारलं.

ते हसले. "तर मला सांगा, लिहून घेईन."

कार्यक्रमात तिसरा सूर विरला आणि सभागृहाच्या मागच्या काळोखातून भोंगा आला. लांब, किंचित घोगरा. आयलीनं तो लगेच ओळखला. तिनं वाद्य ओठांना लावून चौथ्यांदा सूर लावला.

"चौथा कुठून काढलास?" नंतर एमिलनं विचारलं.

"तू ऐकलं नाहीस?"

"काय?" त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली.

कॅसलॉ रागावले नाहीत. त्यांनी तिला ध्वनिमुद्रण ऐकवलं. तिसऱ्या सुरानंतर कुणीतरी खोकलं, मग शांतता, मग तिचाच सूर. तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं.

"चौथा सूर रचनेत छापू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नको. तो तुमच्यासाठी नव्हता."

दुसऱ्या प्रयोगाला ती तीनदाच वाजवून थांबली. मागून काहीच आलं नाही. पुढे ती रचना शिकागोत व्हायची होती. तिथून आयलीला बोलावणं आलं, ती गेली नाही.

"वेडे, अशी संधी सोडतात का?" एमिल चिडला.

"मी तिकडे गेले," ती म्हणाली, "तर मी बाबांना सापडणार कुठे?"