खिडकीतला फोरमन

या सदरात लोक बरंच काही लिहितात. रस्त्यात हात दाखवणारी बाई, मागून येणारी हाक, रानातला चकवा... मी ते सगळं दुपारच्या चहाबरोबर वाचतो आणि खुशाल हसतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. त्यामुळे स्वतः लिहायला बसताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण आमच्या घरात एक गोष्ट घडली, आणि तिचा मेळ मला अजून बसवता आलेला नाही. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. भूत हवं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

सुरुवात माझ्या गाढवपणापासूनच करतो.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार. मी आणि माझी बायको सुनंदा बदलापूरला शिरगावात राहायचो. तेव्हाचं शिरगाव म्हणजे चार-दोन बिल्डिंगा आणि बाकी भाताची खाचरं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. सुनंदाचे दिवस भरायला अजून दोन महिने होते, आणि एकाएकी तिचं बीपी वाढलं. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका नर्सिंग होममध्ये नेलं, तिथे पोट उघडून मुलगा काढला. मला कोणीतरी येऊन सांगितलं, "मुलगा आहे, फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलाय."

बाळांच्या खोलीला बाहेरून एक मोठी काच होती. कामावरून सुटलो की मी तिथे जाऊन उभा राहायचो. पहिल्या दोन संध्याकाळी मी आमच्या मुलाकडे मन भरून बघितलं. काचेवर टिचक्या मारल्या, भुवया उडवल्या, तोंडं वेडीवाकडी केली. चांगला गुटगुटीत होता. म्हटलं, ही डॉक्टर मंडळी उगीच माणसाला घाबरवतात.

तिसऱ्या दिवशी शेजारी एक वयस्कर सिंधी गृहस्थ येऊन उभे राहिले. जरा वेळ माझ्या भुवया बघत राहिले. मग अगदी अदबीने म्हणाले, "साईं, आप रोज हमारे पोते से मिलने आते हो. रिश्ते में कौन लगते हो?"

मी म्हटलं, "ये मेरा लडका है."

त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला हळूच कोपऱ्याकडे वळवलं. "आपका वो है."

कोपऱ्यात एक पेटी होती. आत कापसाचा ढीग, ढिगात एक टोपी, आणि टोपीच्या आत तोंड आहे हे कळायला मला वेळ लागला. नाकात नळी. छाती पाखरासारखी उडत होती. परक्याच्या पोराला दोन दिवस लाडीगोडी लावली, आणि आपल्या पोरापुढे आल्यावर माझी एक भुवई उडेल तर शपथ.

त्या गृहस्थांनी मला बाहेर बाकावर बसवलं, घरून आणलेला पापड दिला, पाणी दिलं. तेवढं बरं केलं.

मुलाचा प्रश्न एकच होता — त्याला दूध ओढता येत नव्हतं. चोखायचं, गिळायचं आणि मध्ये श्वास घ्यायचा, हे तिन्ही त्याला एका वेळी जमेना. श्वास घ्यायला विसरायचा आणि निळा पडायचा. मग पुन्हा नळी. वजन रोज थोडं उतरत होतं. डॉक्टर स्पष्ट बोलायचे नाहीत, पण "तोंडाने घेईल तर वाचेल" हे न बोलता कळत होतं.

सुनंदा वरच्या मजल्यावर. टाक्यांत पू झालेला, अंगात ताप, त्यामुळे तिला बाळाच्या खोलीत यायला बंदी. ती दूध वाटीत काढून खाली पाठवायची, बस्स. तिची आई नव्हती, माझी गावाला अंथरुणावर. मी वर जाऊन खुर्चीवर बसायचो.

"जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही?"

"हो."

आमचं संभाषण एवढंच. मग दोघं पंख्याकडे बघायचो.

बाळांच्या खोलीच्या मोठ्या सिस्टर उल्हासनगरच्याच, सिंधी. बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी. त्यांनी एकदा मला तोंडाला फडकं बांधून आत घेतलं. स्वच्छ धुतलेली करंगळी त्यांनी बाळाच्या ओठांत दिली. तो दोन-तीनदा चोखायचा, थांबायचा.

"देखा? थांबला. आता तुम्ही बोलायचं. तुम्ही गप्प झालात की तो परत चोखणार. उसकी बारी, आपकी बारी. यही उसकी पहिली गप्पा आहे. बोलो ना."

मी घसा खाकरला.

"बोलो. पोस्टाच्या पेटीसारखे काय उभे राहता?"

"काय बोलू?"

"अरे, कुछ भी. घरची गोष्ट सांगा."

मला काहीही सुचलं नाही. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "जाने दो. घरी जा, टेप में आवाज भरून आणा. मी लावीन पाजताना."

त्या सिंधी गृहस्थांचं टेपरेकॉर्डरचं दुकान होतं. त्यांच्याकडून एक टू-इन-वन आणि नवी कोरी कॅसेट घेतली. कुठलं बटण कशाचं हे त्यांनी झरझर हिंदीत समजावलं. मी दर वाक्याला "हां, हां" म्हणत होतो. समजलं काहीच नव्हतं, पण दिवसभर स्टोअरमध्ये यंत्रांचे सुटे भाग हाताळणाऱ्या माणसाने परत विचारायचं कसं?

आता कावळ्याचं सांगायला हवं.

घरी मी एकटा. माझ्या हातची पोळी म्हणजे एका बाजूला कच्ची आणि दुसऱ्या बाजूला कोळसा. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कावळा यायचा, एका पायाने लंगडा. मी पोळीचा तुकडा ठेवला की तो आधी मान तिरकी करून बघायचा, तुकडा उलटा करायचा, करपलेला असला की चोचीने बाजूला सारायचा. आमच्या कंपनीतला फोरमन माल असाच नापास करायचा. म्हणून मी त्याचं नाव फोरमन ठेवलं. पुढे पुढे गजावर चमचा दोनदा वाजवला की यायला लागला. मग मी त्याला सांगायचो — आज दूध घेतलं नाही, आज पुन्हा नळी घातली. तो ऐकून घ्यायचा. निदान मला तसं वाटायचं.

कावळा म्हटल्यावर तुमच्या मनात लगेच पिंड वगैरे आलं असेल. माझ्याही आलं होतं. पोर तिकडे असं पडलेलं आणि इकडे नवरा रोज कावळ्याला हाका मारून घास घालतोय, हे सुनंदाला कळलं असतं तर? म्हणून तिला नाही सांगितलं. आणि बाकीच्यांना तरी कशाला सांगतोय? कंपनीत कळतं तर फोरमननेच मला नापास केलं असतं.

रविवारी दुपारी टू-इन-वन ओट्यावर ठेवला, कॅसेट घातली, बटण दाबलं. चाकं फिरायला लागली. आधी "हॅलो, हॅलो" केलं. मग पेपर वाचला — कुठल्याशा वाटाघाटी फिसकटल्या होत्या, त्या मुलाला ऐकवल्या. मग माझी मलाच लाज वाटली आणि पेपर ठेवून दिला. त्याला आमचं घर सांगितलं. खिडकी, तिच्यापुढचं खाचर, खाचरातल्या म्हशी. सिस्टरनी सांगितलं होतं म्हणून मध्ये मध्ये थांबत होतो. फोरमनचं सगळं सांगितलं — लंगडा पाय, करपलेला तुकडा, चमचा दोनदा वाजवायचा ते. म्हटलं, "तू आलास की तुला दाखवतो. लवकर ये. इथे फार शांत आहे रे."

एवढं बोललो आणि पुढे बोलवेना. तसाच बसून राहिलो. कॅसेट संपली, बटण टक्कन वर आलं.

संध्याकाळी कॅसेट टू-इन-वनसकट सिस्टरकडे दिली. चार-पाच दिवसांनी त्या काचेतूनच हसल्या, बाहेर आल्या. "आपला टेप लावला की पितो. बंद केला की तोंड मिटतो. लबाड आहे."

मी काचेतून बघितलं. पेटीला टेकून टू-इन-वन, आणि सिस्टरच्या मांडीवर तो. दोन-तीनदा ओढायचा, थांबायचा. डोळे उघडे, अगदी स्तब्ध. समोरचा बोलत असला की आपण थांबतो ना, तसा. मग पुन्हा ओढायचा. निळा पडला नाही. हळूहळू नळी निघाली, सुनंदाचा ताप उतरला, आणि एक दिवस दोघांना घेऊन मी शिरगावला आलो. गंमत म्हणजे त्याच आठवड्यापासून फोरमन यायचा बंद झाला. घरात दोन माणसं वाढलेली त्याला पसंत पडली नसावीत.

बारशाला सुनंदाचा भाऊ विलास आला होता. मुलाचं नाव मंदार ठेवलं. विलासला त्याचं रडणं टेप करायचं होतं. मी जाणत्याच्या थाटात बटण दाबून दिलं.

"भाऊजी, हे नुसतं वाजवायचं बटण आहे."

"असू दे, चाकं फिरतायत ना?"

"चाकं फिरतील हो. भरायचं तर हे लाल पण दाबायला लागतं. दोन्ही एकदम." आणि विलास बहिणीला हाक मारून हसत सुटला. "ताई, तुझा नवरा बघ."

मीही हसलो. पाहुणे गेल्यावर ती दवाखान्यातली कॅसेट काढली आणि पूर्ण ऐकली. दोन्ही बाजू. एक शब्द नाही. नुसती सूं... त्या लाल बटणाला मी त्या दुपारी हातसुद्धा लावला नव्हता. लाल म्हणजे बंद करायचं, अशी माझी पक्की समजूत.

लस टोचायला गेलो तेव्हा सिस्टरना गाठलं. म्हटलं, "माझा टेप नीट ऐकू यायचा ना?"

"मुझे कहां? डॉक्टरांनी आवाज एकदम कमी ठेवायला सांगितला होता, ऊपर से पंखा, पेटीची मोटर. मला काहीच ऐकू नाही यायचं. पण त्याला येत होतं. मैं देखती थी ना."

मी मनाशी म्हटलं, टेपच्या मोटरची घरघर असेल. तान्ह्या पोरांना घरघर आवडते. किंवा त्याची ताकद तेव्हाच यायची होती. विषय संपला. सुनंदाला काही बोललो नाही. नवऱ्याचा आवाज ऐकून पोरगा वाचला, असं ती येईल त्याला सांगत होती. ते का मोडा?

मंदार चालला वेळेवर, पण बोलेना. दोन वर्षं उलटली तरी आई नाही, बाबा नाही. डॉक्टर म्हणायचे, अशी मुलं उशिरा बोलतात, तुम्ही त्याच्याशी बोलत राहा. शेजारणी म्हणायच्या, ऐकू येतं ना त्याला? सुनंदा दिवसभर त्याच्याशी बोलायची — ही भेंडी, हा कांदा, हा बघ चिमटा. तो बघत राहायचा.

एका सुट्टीच्या दुपारी ती मेथी निवडत होती, मी जेवून ताटावरच बसलेलो. मंदारने माझ्या ताटातला पोळीचा तुकडा उचलला आणि चमचा घेतला. स्टूल ओढत ओट्याजवळच्या खिडकीशी नेलं, वर चढला. तुकडा कट्ट्यावर ठेवला. गजावर चमचा वाजवला. दोनदा.

मग बाहेर बघून म्हणाला, "फोरमन."

स्वच्छ. ओळखीच्या माणसाला हाक मारावी तसं.

तो आयुष्यातला पहिला शब्द त्याचा. सुनंदाच्या हातातली जुडी तशीच राहिली. मी उठून त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. कावळा आला नाही. आम्ही दोघं बराच वेळ वाट बघत होतो, आणि मध्येच त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं — आता तुमची बारी, असं काहीसं.

गेली कित्येक वर्षं मी या गोष्टीच्या सगळ्या बाजू तपासतोय. मी झोपेत बडबडलो असेन? सुनंदा म्हणते, तुम्ही घोरता, बोलत नाही. मंदारने दुसरा कुठला कावळा बघितला असेल? असेल, पण नाव? ते नाव मी त्या दुपारी त्या ओट्यापाशी उच्चारलं, आणि मंदार घरी आल्यावर पुन्हा कधीच नाही. मंदारला विचारावं तर तो आता मोठा झालाय, त्याला यातलं काही आठवत नाही. वर मलाच विचारतो, "बाबा, कावळ्याशी बोलायचात?" तुमच्यापैकी कोणाला उलगडा होत असेल तर जरूर कळवा. मला होत नाही.

त्या दुपारी मंदार स्टुलावरून उतरून खेळायला गेला, तेव्हा सुनंदाने विचारलं, "फोरमन कोण हो?"

मग मी सगळं सांगितलं. कावळा, चमचा, कोरी कॅसेट, लाल बटण. मला वाटलं ती घाबरेल, नाहीतर हसेल. ती मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "टेपचं राहू दे. त्या कावळ्याला तुम्ही रोज सगळं सांगत होतात... आणि मी वरच्या मजल्यावर सलाईनच्या बाटलीशी बोलत होते."

मी पुन्हा पोस्टाची पेटी.

तिने मेथीची परात बाजूला सारली. "आता मला सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. दोन्ही बटणं दाबलीयेत असं समजा."