पोटासाठी खड्डा

मी आईच्या पोटात होते तेव्हाची ही गोष्ट आहे, माझ्या मिंडामावशीची. ती आणि माझी आई हेगर, दोघी अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर एकाच मालकाच्या भातखाचरांत गुलाम होत्या. उन्हाळ्यात तापाची साथ आली की मालक शहरात जाऊन राहायचा. मागे राज्य टॉल्बर्ट मुकादमाचं.

गरोदर बाईला फोडून काढायची त्याची एक रीत होती. जमिनीत खड्डा खणायचा आणि त्यात पोट बसवून तिला पालथी निजवायची. पाठ सोलली तरी पोटातलं पोर, म्हणजे मालकाचा माल, शाबूत राहायचं.

भात पिवळं पडायला लागलं होतं. आईच्या वाट्याचा पाटातला गाळ उपसून झाला नव्हता. तिला वाकताच येत नव्हतं. टॉल्बर्टनं मुद्दाम मावशीलाच खड्डा खणायला सांगितलं.

मावशी अंगानं थोराड, बोलायला कमी. तिनं फावडं चिखलात रोवलं आणि म्हणाली, "खणते की, साहेब. पण तुमच्या मापाचा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानंच तो पेटला, असं आई म्हणायची. त्यानं चाबूक ओढला. पहिला फटका मावशीच्या गालावर बसला. दुसरा तिनं हातावर झेलला, वादी मनगटाला गुंडाळली आणि हिसका दिला. टॉल्बर्ट तोंडघशी पाटात पडला. गोऱ्याला पाडलं म्हणजे फासच. मावशी तिथूनच मागच्या दलदलीत पळाली.

टॉल्बर्ट शेजारच्या मळ्यावर माग काढणारी कुत्री आणायला गेला. तेवढ्यात आमच्या वस्तीतला म्हातारा मिंगो सगळ्यांना म्हणाला, "भात पिकलंय. आपण नसलो तर कापणार कोण, पाखरं?"

मुकादम परतला तेव्हा वस्ती रिकामी होती. सगळे मावशीपाठोपाठ दलदलीत गेले होते, लेकराबाळांसकट. पाण्यात कुत्र्यांना वास लागला नाही. वर पाखरांचे थवेच्या थवे खाचरांवर उतरत होते.

मालक शहरातून धावत आला. मिंगोनं काठावरून निरोप दिला, की टॉल्बर्ट गेला तरच आम्ही येऊ. टॉल्बर्टला त्याच दिवशी हाकललं. बाकी कुणाला फटके नाहीत, असंही मालकानं कबूल केलं. पण मिंडा मात्र हवी.

लोक म्हणाले, द्यायची नाही. पण दलदलीत खायला मुळं आणि कासवंच होती. दोन लेकरं तापानं गेली. मग आईला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या.

मावशी उठली. आईनं तिचा झगा घट्ट धरला. मावशीनं तो हलकेच सोडवला. "हेगर, पोर चिखलात नको जन्मायला," एवढंच म्हणाली आणि एकटी बाहेर चालत गेली.

फास दिला नाही. फास दिला तर किंमत बुडते. तिला बेड्या घालून त्याच दिवशी दक्षिणेकडच्या व्यापाऱ्याला विकलं. आईला बाकीच्यांनी उचलून वस्तीत आणलं. मी झोपडीत जन्मले तेव्हा तिची गाडी निघाली होती. आईला चाकांचा आवाज ऐकू आला.

पुढचा मुकादमही मारायचा, पण आमच्या मळ्यावर तो खड्डा परत कुणी खणला नाही. टॉल्बर्टला नदीपलीकडं लगेच काम मिळालं.

गुलामी उठल्यावर आई मावशीला शोधत सव्हाना शहरापर्यंत चालत गेली. कुणी म्हणालं, पश्चिमेला कापसावर नेली. कुणी म्हणालं, वाटेतच गेली. आई एकटीच परत आली, सुजलेले पाय घेऊन.