बियाण्याच्या कंपनीतल्या आत्या

आमच्या आत्यांपुढे एखादा मेसेज ठेवला की त्या चष्मा काढून बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मोठ्यानं वाच." मग डोळे मिटून ऐकत बसायच्या. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जाणारा प्रत्येक मजकूर, तो लिहिणाऱ्यानं, भर ऑफिसात सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचा. पुण्याहून आलेली शिकलीसवरलेली मुलं पहिल्या आठवड्यात लाजेनं अर्धी व्हायची. एकानं धीर करून कारण विचारलं, तेव्हा आत्या म्हणाल्या, "आपला मेसेज आजा वाचत न्हाई बाबा. नात वाचून दाखवती, आजा ऐकतो. त्याच्या कानाला कसा लागतो ते बघून राह्यले मी." मी एकदा 'उत्पन्नाचे सारे विक्रम मोडा' असं मोठ्या हौसेनं लिहून नेलं होतं. "कुणी मोडला का?" आत्यांनी डोळे न उघडता विचारलं. "नाही," मी म्हणाले. "मंग मोडल्यावर लिहू," म्हणाल्या.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची बियाण्याची कंपनी. तिथल्या मार्केटिंग ऑपरेशन्स नावाच्या विभागाच्या आत्या प्रमुख. हा विभाग नेमकं करतो काय, हे आमच्या शेजारी बसणाऱ्या हिशेब विभागालाही शेवटपर्यंत कळलं नाही. त्या विभागातल्या एका मुलीच्या त्या सख्ख्या आत्या होत्या. ती पोरगी लग्न करून गेली, आत्या हे नाव मात्र मागे राहिलं. माहेर पिंपळगाव रेणुकाईचं, घरी शेती, शिक्षण कृषी पदवीचं. माहेरचे लोक कामाबद्दल खोदून विचारायचे तेव्हा त्या सांगायच्या, "कुणाला काय कधी सांगायचं अन् कुणाला बिलकुल सांगायचं न्हाई, एवढंच बघते." मी केदारखेड्याची, म्हणजे एकाच तालुक्यातली. म्हणून मला लाड मिळतील असं वाटलं होतं. मिळाल्या त्या दुप्पट शिव्या.

पुण्याच्या लोकांनी बसवून दिलेल्या सिस्टीममध्ये सगळं आपोआप चालायचं. कुठल्या गावाला, कुठल्या वेळी, कुठला मेसेज. सकाळी सातला मेसेज सगळ्यात जास्त उघडले जातात, असं ते लोक आकड्यांनिशी सांगत. आत्यांनी त्यात आपला एक रकाना घालून घेतला: शेतीची लाइट दिवसा की रात्री. ज्या गावाला त्या आठवड्यात रात्रीची लाइट, त्या गावाला सकाळी मेसेज जायचा नाही. "माणूस रातभर पाणी देऊन आत्ता कुठं आडवा झाला, अन् तुम्ही त्याच्या उशाला टिंगटिंग करता," त्या म्हणायच्या. हे पाळ्यांचं वेळापत्रक आठवड्याला बदलायचं आणि ते भरायचं काम माझ्याकडे. मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ बोलले आहे.

मग पोत्यावरच्या कोडची योजना आली. शेतकऱ्यानं बियाण्याच्या पोत्यावरचा कोड मोबाइलनं स्कॅन करायचा, नाव-गाव भरायचं, सोडतीत बॅटरी जिंकायची. आम्हाला गिऱ्हाइकांचे नंबर हवे होते, बाकी सगळा देखावा. आत्या म्हणाल्या, नावाबरोबर पोत्याचा लॉट नंबर, म्हणजे ते बियाणं कुठल्या खेपेतलं तेही, आला पाहिजे. पुण्याचे लोक वैतागले. मार्केटिंगला लॉटशी काय करायचंय? आत्यांनी शांतपणे सांगितलं, "त्याचं नाव, गाव, नंबर सगळं घेता. मंग आपण त्याला काय दिलं, तेबी ठेवा की." महिनाभर हट्ट करून त्यांनी ते करून घेतलं. आम्हाला तेव्हा त्यांचा तो नुसता कडकपणा वाटला.

त्या वर्षी पेरण्या नुकत्या सुरू झाल्या होत्या. घनसावंगीकडून एका दुकानदाराचा फोन आला की आमच्या सोयाबीनचा एक लॉट उगवत नाही. दुपारपर्यंत आणखी दुकानदारांचे फोन आले, लॉट तोच. शेतकऱ्यांना आजच कळवू, असं सांगायला आत्या कंपनीच्या मालकांच्या, शेठजींच्या केबिनमध्ये गेल्या. शेठजी काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, पुन्हा तपासणीला पाठवू, आठवड्यानं निकाल येईल, मग बोलू. आपल्याच मालाला आपणच नाव ठेवायचं का? त्यांचंही चूक नव्हतं. पण पेरणी आठवडाभर थांबत नाही. ज्यांची पोती अजून घरात होती त्यांना आज कळलं तर ते वाचणार होते. नाहीतर बियाणं, खत, मजुरी सगळं मातीत आणि दुबार पेरणी गळ्यात. त्यात संध्याकाळी 'आजच खरेदी करा' असा मेसेज त्याच सोयाबीनसाठी आपोआप जाणार होता.

आत्यांनी परत आल्यावर आधी तो मेसेज थांबवला. मग त्या लॉटचं पोतं स्कॅन केलेली सगळी माणसं सिस्टीममधून वेगळी काढली आणि स्वतः लिहायला बसल्या. लिहून झाल्यावर मला म्हणाल्या, "आज तू ऐक. मी वाचते." त्या उभ्या राहिल्या. मजकूर साधा होता. "राम राम. तुम्ही घेतलेल्या सोयाबीनच्या या लॉटची उगवण होत नसल्याच्या तक्रारी आहेत. पेरलं नसेल तर पेरू नका, पोतं दुकानात ठेवून या. पेरलं असेल तर मला फोन करा." खाली त्यांचं नाव, शोभा, आणि त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर. मी म्हटलं, "आत्या, नाव-नंबर कशाला? नोकरी जाईल तुमची."

"कंपनीच्या नावानं सांगायची परवानगी न्हाई म्हणले. माझ्या नावाला कुणाची परवानगी लागती?"

"पण सिस्टीम तर कंपनीची आहे ना."

"हाये की. त्याचं काय व्हायचं ते व्हईल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

फोन लगेच सुरू झाले. कुणी आशीर्वाद देत होतं असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नव्हतं. लोक शिव्या देत होते. ज्यांचं पोतं शाबूत होतं ते दुकानदाराशी भांडायला गेले होते. फोन करणारे होते ते पेरून बसलेले. एक जण इतकं घाणेरडं बोलला की मी फोन हिसकावून घ्यायला पुढे झाले. आत्यांनी मला हातानंच मागे सारलं आणि फोनवर म्हणाल्या, "बराबर हाये तुमचं. गाव कोणतं? किती पेरलंय?" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. एकदा फक्त उठून बाहेर गेल्या, तोंड धुऊन आल्या आणि पुन्हा फोन घेतला.

पुढे निकाल आला. लॉट खराबच होता. कंपनीनं पोती बदलून दिली, वर्तमानपत्रात तिचं कौतुकही छापून आलं. आत्यांना कुणी काढलं नाही. त्यांना गोदामाच्या आवक-जावकेवर बसवलं आणि त्यांची खुर्ची मला दिली. नवा नियम झाला: वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय मेसेज जाणार नाही आणि कुठल्याही कर्मचाऱ्यानं स्वतःचा नंबर शेतकऱ्याला द्यायचा नाही. मला सिस्टीमच्या चाव्या समजावून देताना आत्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. शेवटी मी विचारलं, वाईट वाटतं का? "वाटतं गं," त्या म्हणाल्या. "हे काम मला लई आवडायचं." एवढं बोलून त्या गोदामात गेल्या. मी त्या खुर्चीत बसून रडले, आणि मग लाइटीच्या पाळ्या भरायला घेतल्या.

या उन्हाळ्यात आत्या गेल्या. आजार लवकर ओळखता आला नाही. तेराव्यानंतर मी घरी भेटायला गेले. त्यांचे यजमान, निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना सर म्हणतो. सरांनी चहा ठेवला, तो उतू गेला, पुन्हा ठेवला. बोलता बोलता म्हणाले, "तिचा फोन बंद करायला हात उचलत न्हाई माझा. पेरणी आली की लोक करून राह्यलेत. परवा एक जण इचारत होता, बियाण्याला औषध कोणतं लावू. मी गणिताचा मास्तर. काय सांगू त्याला?" तेवढ्यात फोन वाजलाच. सरांनी तो माझ्या हातात दिला.

"बाई, मी घनसावंगीकडून बोलून राह्यलो," पलीकडचा माणूस म्हणाला. "यंदा तुमचंच सोयाबीन घेतलंय. लॉट नंबर सांगू का?"

मी सांगितलं की बाई राहिल्या नाहीत. मग तो हळू म्हणाला, "लई वाईट बोलल्तो मी त्यांना त्या साली. माझं पेरून झाल्तं. तरी त्यांनी ऐकून घेतलं, फोन ठिवला न्हाई. तवापासून दरसाली त्यांनाच इचारून पेरतो." मग त्यानं विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी त्यांच्या हाताखाली होते. आता त्यांच्या जागेवर हाये."

"मंग तुमचा नंबर द्या बाई."

कंपनीचा नियम मला तोंडपाठ आहे. नव्या मुलांना तो मीच समजावून सांगते. सर माझ्याकडे बघत होते.

"घ्या लिहून," मी म्हणाले, आणि माझा नंबर सांगायला लागले.