यंत्राने पुरुषांत मोजलेली बाई

बसथांब्यावर कॅमेरा दिसला की मला आजही ती उधवा गावची बाई आठवते. माझी नेमणूक तेव्हा तलासरी भागात होती आणि निवृत्ती तोंडावर आली होती.

एका सकाळी तिचा भाऊ मिसिंगची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात आला. नवऱ्याशी भांडण झाले आणि तेव्हापासून बहिणीचा पत्ता नाही, असे त्याचे म्हणणे. वर्णनात सावळा रंग, मागे बांधलेले केस, हिरवे लुगडे एवढे लिहून घेतले. मग खबऱ्याचा फोन आला. "साहेब, नवऱ्यानेच तिला मारून ओहोळाकाठी पुरली. गावात सगळे तेच बोलतात." सगळे बोलतात आणि कोणी पाहिलेले नसते, अशी खबर मी जपूनच घेतो. तरी नवऱ्याला चौकशीला बोलावले.

भाताची थोडी शेती असलेला साधा माणूस. एकच सांगत राहिला, "मारली नाय साहेब मी तिला. रुसून गेली. हायवेच्या थांब्यावर गाडीत बसली, मी लांबनं बघितली."

त्या थांब्यावर एका खासगी कंपनीने चेहरे ओळखणारे कॅमेरे लावले होते. त्यांचा तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन आला. त्याने बाईचा फोटो यंत्राला दिला, त्या दिवसाचे चित्रण तपासले आणि ठामपणे म्हणाला, "सर, ही बाई थांब्यावर आलेलीच नाही."

म्हणजे नवरा खोटा ठरला. माझा सहकारी अटकेच्या कागदांना लागला. बाहेर गावकरी जमले होते आणि भावाच्या कडेवर तिची लहान मुलगी रडत होती. खुनाचा शिक्का बसला असता तर त्या पोरीचा बापही गेला असता.

मी नवऱ्याला चहा देऊन पुन्हा समोर बसवले. बायकोला संपवलेला माणूस बहुधा तिची नालस्ती करतो. हा म्हणाला, "ती आली की मला शिव्या घालेल. पोरीला ताप आहे, तिला ठावं नाय." मग मी विचारले, जाताना ती दिसत कशी होती?

"कशी म्हणजे? मजुरीला जातात तशी. लुगड्यावर माझा शर्ट, डोक्याला टॉवेल."

"हे आधी का नाही सांगितलेस?"

"त्यात काय सांगायचं साहेब? सगळ्याच जातात."

खरेच होते. आमच्याकडे कामाला निघालेली बाई उन्हासाठी नवऱ्याचा शर्ट चढवते आणि तो कोणी तिच्या कपड्यांत धरत नाही.

मी तंत्रज्ञाला विचारले, यंत्र शोधते कसे? तो म्हणाला, आधी पुरुष आणि बायका वेगळे काढते, मग बायकांतच चेहरा जुळवते. "मग आता पुरुषांत शोधा," मी म्हणालो. तो हसला. मी हसलो नाही.

ती सापडली. मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या टेम्पोत चढत होती आणि चेहऱ्याभोवतीच्या चौकटीखाली शब्द होता, पुरुष.

टॉवेलमुळे यंत्र फसले, असे तंत्रज्ञ म्हणाला. मला पटेना. त्याच्यासोबत आलेल्या गोऱ्यापान मुलीला शर्ट घालायला आणि डोक्याला टॉवेल बांधायला लावला. यंत्र म्हणाले, स्त्री. मग वेवजी गावची आमची सावळी महिला हवालदार उघड्या डोक्याने, कानात कुड्या घालून समोर उभी राहिली. पुरुष.

"दोन पोरांची आई आहे मी," ती शांतपणे म्हणाली.

तंत्रज्ञाचा चेहरा उतरला. यंत्राला शिकवताना दाखवलेल्या फोटोंत बायकांचे असे सावळे चेहरे फारसे नसावेत, असे तो हळूच बोलला.

टेम्पोच्या नंबरावरून मुकादम मिळाला आणि राज्याच्या सीमेपलीकडच्या वीटभट्टीवर बाई. ठाण्यात येताच तिने नवऱ्याला पहिला प्रश्न केला, "पोरगी कुठे?" भाऊ मान खाली घालून उभा होता. मला त्या क्षणी फार हलके वाटले.

साक्षीदार खोटे न बोलताही चुकतो, म्हणून आपण त्याला उलटसुलट प्रश्न विचारतो. यंत्राला तसे विचारायचे कोणाच्या मनात येत नाही. त्याचे बोलणे ठाम असते आणि ते घाबरत नाही, एवढ्यावर आपण त्याला खरे मानतो. त्याच्या एका शब्दावर मी एका निर्दोष माणसाला कोठडीत टाकणार होतो.

जबाब झाल्यावर मी बाईला ते चित्र दाखवले आणि खाली काय लिहिले आहे ते वाचून सांगितले.

"मग भट्टीवाल्याला दाखवा हे, साहेब," ती म्हणाली. "त्याला सांगा, पुरुषाची मजुरी दे."