मामीची स्किन

अख्ख्या जुन्नर तालुक्यात शत्रूला आधी हाक मारून मगच गोळी घालणारी बाई एकच, ती म्हणजे आमची राजुरीची मामी. मोबाइलवरच्या लढाईत कुणी पाठमोरा दिसला की ती ओरडते, "वो पावणं, मागं बघा." पावणं मागं बघतात, मामीला उडवतात, आणि मामी समाधानानं गोठ्याकडं वळते. तिच्या माहेरी, घोडेगावला, पाठीमागून वार करायची रीत नव्हती म्हणे. गेममधल्या बायका तिनं पहिल्याच दिवशी नापास केल्या. छातीला दोन पत्रे, कमरेला तिसरा आणि खांद्यावर तोफेएवढी बंदूक! "ही लढाईला निघालीय का आंगुळीला?" एवढं विचारून तिनं मिशावाला गडी निवडला. याच विषयावर आम्ही चार मित्रांनी लांबलचक पत्रक काढलं, जुन्नरच्या एसटी स्टँडवर वाटलं, आणि लोकांनी त्यात भेळ खाल्ली.

गेममध्ये पात्राच्या पोशाखाला स्किन म्हणतात, हे मामीला कुणी सांगितलं नव्हतं. स्किन विकत मिळतात कळल्यावर ती चष्मा लावून बसली, सगळं दुकान पालथं घातलं आणि मला म्हणाली, "निळी कातडी हाय, हिरवी हाय, खवल्याची पन हाय. माजीच तेवढी न्हाई?" मी चूक सुधारायला तोंड उघडलं आणि मिटलं. चूक कुठं होती? मामीचा काळा रंग त्या गेममध्ये होता, पण फक्त दरोडेखोरांना. कंपन्यांना हे दिसत नाही असं नाही. दिसतं, पण गोरंच खपतं म्हणतात.

गोरंच खपतं, असं मामीची लेकही म्हणाली. ती जुन्नरला कॉम्प्युटर शिकते. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिनं स्वतः गेम बनवला होता: एक बाई लेण्याद्रीच्या पायऱ्या चढते आणि माकडं तिची पिशवी पळवायला बघतात. बाई पिठासारखी गोरी. मी भाषण सुरू करताच ती म्हणाली, "दादा, वर्गात मला काय म्हणतात ते तुला ठाऊक नाही. निदान ही तरी सुटू दे." मी काढलेलं पत्रक परत खिशात घातलं. मामीनं मात्र त्या बाईकडं बराच वेळ पाहिलं. "चांगली हाय," ती म्हणाली. "पर पायऱ्यांवर दिसली, तर कुनाची लेक म्हनून वळखायची हिला?" लेक उठून गेली.

प्रदर्शनात बघतो तर बाई थेट मायलेकींच्या रंगाची, पदर खोचलेली, थोडं चढली की कमरेवर हात ठेवून दम खाणारी. एका शाळकरी पोरीनं आपला हात स्क्रीनला लावून रंग जुळतो का पाहिलं. मग मामी बसली. समोर पाठमोरं माकड. सवयीप्रमाणं तिनं हाक मारली, "वो पावणं." तेवढ्यात दुसऱ्यानं पिशवी नेली, खेळ संपला.

बाई पायरीवर बसून राहिली, मामी खुर्चीत. लेक म्हणाली, "आये, परत खेळ की."

"थांब जरा," मामी हळूच म्हणाली. "आजवर त्यो मिशावाला हरत व्हता. आज पयल्यांदा मी हरले."