साडेअकराच्या मुलाखतीला पहाटेची गाडी

मुलाखत साडेअकराला होती. माझे चुलते आणि मी सातारा स्टँडवर सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी उतरलो. वार मंगळवार, महिना नोव्हेंबर.

जागा एक होती: एका दैनिकाच्या सातारा आवृत्तीत शिकाऊ बातमीदाराची. बोलावलेले उमेदवार पाच. त्याच वर्षी मी फोनवर दोन मुलाखती दिल्या होत्या आणि दोन्हींत 'स्वतःबद्दल सांगा' या पहिल्याच प्रश्नाला गप्प झाले होते. ही तिसरी, समोरासमोरची. ही हुकली तर आष्ट्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात कारकुनाची जागा होती. त्यांना शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मला ती नको होती आणि घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचं गाव पलूसजवळ. घरात नोकरीची मुलाखत दिलेलं कुणी नव्हतं. चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना भरती माहीत होती. चुलतीला मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम माहीत होता. दोन नणंदा आणि दोन मुली तिनं उजवल्या होत्या. आठ दिवस दोघांनी मला आपापल्या पद्धतीनं तयार केलं. सराव संध्याकाळी सोप्यात होत असे. खुर्चीवर तात्या, दारातून आत येणारी मी, लसूण सोलत बसलेली चुलती.

"छाती पुढं, नजर समोर," तात्या सांगत. "गुड मॉर्निंग सर. बस म्हणल्याबिगर बसायचं न्हाई."

"आवं, नजर समोर काय? मान जरा खाली असावी."

"ती काय स्थळ बघाय चाललीया व्हय?"

"चार अनोळखी माणसं म्होरं बसणार, पायापासनं डोक्यापतूर बघणार, नाव-गाव इचारणार. निराळं काय हाय त्यात?"

चुलतीनं पुढचं सांगून टाकलं. "स्वयंपाक येतो का इचारलं तर व्हय म्हण."

"आगं, पेपरात स्वयंपाक कोण इचारतंय?"

"इचारलं तर म्हणते मी."

'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर तात्यांनी बसवून दिलं. नाव, वडिलांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, शिक्षण, उंची. उंची कशाला, असं मी विचारलं. "इचारायच्या आत सांगितलेली बरी," ते म्हणाले. हे उत्तर मी रोज दहा वेळा म्हणत होते.

वेळेचा हिशेबही त्यांचाच. साडेअकरा म्हणजे अकराला हजर. साहेब लवकर आले तर, म्हणून दहा. एसटी बंद पडली तर, म्हणून नऊ. कारखाने सुरू झालेत, उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतील, म्हणून आठ. शिवाय पेपर सहाला घरात पडतो, त्या अर्थी त्यांचं ऑफिस पहाटेपासून चालू असणारच. यात कुणालाही चूक दिसली नाही. मी बातमीदार व्हायला निघाले होते, पण मीही कुणाला फोन करून विचारलं नाही. त्या दिवशी वाटेत एकही ट्रॉली आडवी आली नाही.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. दाराला कुलूप. खाली इमारतीचा रखवालदार टोपी काढून डोकं खाजवत बसला होता.

"पेपरवाले बाराच्या आत येत न्हाईत," तो म्हणाला.

"मग सकाळचा पेपर काढतंय कोण?"

"त्येच. रातच्याला काढत्यात आन् दिवसा झोपत्यात."

तात्यांनी घड्याळात पाहिलं. आठ वाजायला पाच मिनिटं होती. "तीन तास पस्तीस मिनिटं," ते म्हणाले, आणि चहा मागवला.

पहिल्या मजल्यावर उत्पन्नाचे, रहिवासाचे दाखले काढून देणारं एक केंद्र होतं. त्याची रांग जिन्यावरून खाली अंगणात आली होती. रांगेत माणसं नव्हती, चपला होत्या. माणसं भिंतीच्या सावलीत बसली होती. मला करायला काही नव्हतं म्हणून मी चपला मोजल्या. एक्केचाळीस जोड. सावलीतल्या एका बाईंकडून कळलं की टोकन रोज पंचवीसच मिळतात. त्या कोरेगावकडून तिसऱ्यांदा आल्या होत्या. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी दाखला हवा होता.

"माझी चप्पल कालच्याला अठ्ठावीसवी हुती," त्या म्हणाल्या. "आज एकोणिसावी हाय. आज गड फत्ते."

मी आणखी सहा जणांशी बोलले. तात्या कपाळाला आठ्या घालून रांगेकडे बघत होते. "माणसं सावलीत आन् चपला लाइनीत फॉलिन," ते रखवालदाराला म्हणाले. "कुठल्या पलटणीची पद्धत हाय ही?"

बाकीचे चार उमेदवार अकरानंतर आले. वृत्तसंपादक बारा वाजून पाच मिनिटांनी आल्या. पन्नाशीच्या बाई, खांद्याला कापडी पिशवी. आडनावाच्या क्रमानं मी शेवटची. माझं नाव पुकारलं तेव्हा पाऊण वाजला होता.

मी आत गेले, थांबले, छाती पुढं काढली आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर!"

बाईंनी आधी घड्याळाकडे आणि मग स्वतःकडे पाहिलं. "बसा," म्हणाल्या. "स्वतःबद्दल सांगा."

मी सांगितलं. या वेळी गप्प झाले नाही. नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, शिक्षण, उंची पाच फूट दोन इंच.

"घरात कुणी मिल्ट्रीत आहे?"

"चुलते. खाली आहेत."

"आणि कधी आलात?"

"सात पंचावन्नला."

"पाच तास केलंत काय?"

पाठ केलेलं संपलं होतं. मी चपलांचं सांगितलं. एक्केचाळीस जोड, पंचवीस टोकन, अठ्ठावीसवरून एकोणिसावर आलेल्या बाई. संपादक बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या चपला ओलांडून मी रोज वर येते," त्या म्हणाल्या. "टोकन पंचवीसच का?"

"माहीत नाही."

"केंद्र चालवणाऱ्याला विचारलं?"

"नाही."

"मग बातमी अर्धीच आणलीत. खाली जा, विचारा, इथं बसून दीडशे शब्द लिहा. दीड वाजता मला कागद पाहिजे."

बारा वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

मी जिना उतरले. चपला गेल्या होत्या. त्यांच्या जागी माणसं उभी होती, दोन-दोनच्या ओळीत, प्रत्येक पायरीवर एक जोडी. केंद्राच्या दाराशी तात्या उभे होते, हात पाठीमागं. शेजारी रखवालदार, टोपी नीट घातलेली.

"तात्या, मला आत जायचंय."

"लाइनीत."

"मुलाखतीचंच काम आहे. दीडपर्यंत लिहून द्यायचंय."

"मंग लवकर लाइनीत लाग."

मी त्यांना ते मोठ्यानं पुन्हा सांगितलं. पायऱ्यांवर सगळ्यांनी ऐकलं. तात्या हलले नाहीत. पहाटेपासून ताटकळलेल्या माणसांपुढं घरची मुलगी घालणार नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. एक वाजून गेला. कोरेगावकडच्या बाई दाराजवळच्या पहिल्याच पायरीवर होत्या.

"आवं सुबेदार," त्या म्हणाल्या, "माझ्या नंबरात जाऊ द्या की पोरीला. आमचंच तर इचारायला चाललीया."

"बाकीच्यांची हरकत?"

मागून कुणीतरी ओरडलं, "हरकत न्हाई, पर तुमी जेवायला जावा आता!" जिना हसला.

"दोन मिनिटं," तात्या मला म्हणाले आणि बाजूला झाले.

केंद्रचालक तिशीतला माणूस होता आणि त्याला बोलायचंच होतं. दोन संगणकांपैकी एक अकरा दिवस बंद होता. दुरुस्तीसाठी त्यानं दोनदा लेखी कळवलं होतं. त्यानं मला दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या दाखवल्या. "आजपर्यंत हे मला विचारायला कुणी आलं नव्हतं," तो म्हणाला. "शिव्या द्यायला आले."

कागद मी एक वाजून सत्तावीस मिनिटांनी दिला. एकशे बासष्ट शब्द. संपादक बाईंनी उभ्यानं वाचला, पहिलं वाक्य खोडलं, दुसऱ्यापासून सुरुवात केली आणि म्हणाल्या, "कळवू."

कोरेगावकडच्या बाईंना दाखल्याची पावती दोनला मिळाली. तात्या आणि मी अडीचच्या एसटीनं निघालो. मुलाखतीत काय काय विचारलं ते घरी चुलतीनं सविस्तर ऐकून घेतलं. स्वयंपाकाचं कुणी विचारलं नाही, हे तिला पटलं नाही.

बातमी गुरुवारी पान चारवर तळाला आली. शुक्रवारी दुपारी सव्वाचारला सातारच्या ऑफिसातून फोन आला, एक तारखेपासून रुजू व्हा म्हणून. शाळेला मी त्याच संध्याकाळी नाही कळवलं. केंद्रातला दुसरा संगणक पुढच्या बुधवारी सुरू झाला. टोकनं पंचेचाळीस झाली.